त्रेचाळीस इंची होकार

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
१२ जुलै २०२५

चि. मृण्मयीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझ्या आईबाबांचेही आशीर्वाद याच पाकिटात घालते आहे. वेगळं पत्र लिहायचा त्यांना कंटाळा.

बातमी अशी की घरात नवा टीव्ही आला. त्रेचाळीस इंची! जुन्यात सगळी माणसं हिरवी दिसायला लागली होती, तरी तुझे बाबा म्हणत होते की डोळ्यांना हिरवा रंग चांगला. शेवटी तुझ्या आईने जेवायला वाढायच्या आधी विषय काढला, आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही दारात. बसवायला आलेल्या माणसाने माझ्याकडे बघून बरीच माहिती दिली. मी मान हलवत राहिले. तो बिचारा समजून बसला की या घरात सगळं काही या बाईंनाच कळतं. आणि गंमत म्हणजे आता ते खरं झालं आहे.

खालच्या मजल्यावरची तृप्ती येऊन कागदावर लिहून दाखवून गेली की मोबाइलवरचं टीव्हीवर पाठवता येतं, वायर लागत नाही. मोबाइलवर कीर्तन लावलं, कोपऱ्यातल्या त्या लाटा निघाल्यासारख्या चौकोनी चित्रावर बोट ठेवलं, आणि कीर्तनकार भिंतीवर! खाली अक्षरं उमटत होती, त्यामुळे बुवा काय म्हणतात ते मला इतक्या वर्षांनी कळलं. आणखी एक मजा अशी की कीर्तन टीव्हीवर चालू राहतं आणि हातातला मोबाइल मोकळा होतो. बुवा तिकडे रंगात आले होते आणि मी इकडे तृप्तीला आभाराचा मेसेज लिहीत होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बत्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, पण एका माणसाला दोन ठिकाणी ठेवण्याची ही सोय आमच्याकडे नव्हती.

आता माझ्या मनात काय आलं आहे ते सांगते. तू व्हिडिओ कॉल करतेस तेव्हा तुझा चेहरा मोबाइलवर लिंबाएवढा आणि ओठ मसुरीच्या डाळीएवढे. ते मला वाचता येत नाहीत. तू बोलतेस, मी हसते, तू हात हलवतेस, संपलं. तुझा चेहरा जर त्रेचाळीस इंचांचा झाला, तर मी तुझं बोलणं वाचू शकेन असं मला वाटतं. ते कसं करायचं ते सविस्तर लिही. मोबाइलवर लिहू नकोस. पत्रात लिही, म्हणजे चष्मा लावून नीट अभ्यास करता येईल.

आणि हे तुला विचारायचंच होतं. हल्ली तुझे आईबाबा, वेणू आणि नलिनी, माझ्यासमोर हळू आवाजात बोलतात. माझ्यासमोर, हळू! त्यांच्या चेहऱ्यांवरून विषय तुझ्या लग्नाचा दिसतो. मला कान गेल्यापासून या घरातली प्रत्येक गोष्ट शेवटच्या एका ओळीत कळते. घराला रंग द्यायचा म्हणून मागच्या महिन्यात सगळे तासभर भांडले, आणि मला सांगितलं, क्रीम ठरला. रंगाचं एक ठीक आहे. पण तुझं लग्न मला एका ओळीत नको. काही असेल तर तूच कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, पत्रं मात्र लांब कर.

तुझी,
कुसुमआत्या

* * *

जोरहाट, आसाम
२३ जुलै २०२५

ती. आत्यास,

मृण्मयीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी ते ऑफिसमधल्या सगळ्यांना भाषांतर करून वाचून दाखवलं. मसुरीच्या डाळीवर फार हसलो.

आधी अभ्यासाचं. व्हिडिओ कॉल टीव्हीवर न्यायची रीत कीर्तनापेक्षा वेगळी आहे. टीव्ही आणि तुझा मोबाइल एकाच वाय-फायवर आहेत ना ते बघ. मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढलंस की छोटी छोटी बटणं येतात. त्यात स्क्रीन मिररिंग किंवा स्क्रीन कास्ट असं काहीतरी असेल. ते दाब, यादीत आपल्या टीव्हीचं नाव येईल, त्यावर बोट ठेव. मग मला कॉल लाव. मोबाइल टीव्हीशेजारच्या स्टूलवर उभा कर, म्हणजे मलाही तू आणि हॉल दिसेल. मी मुद्दाम सावकाश बोलेन, पण तोंड वेडंवाकडं करणार नाही, नाहीतर मागे लिफ्टमध्ये तसं बोलणाऱ्या काकूंना ओरडलीस तशी तू मलाही ओरडशील.

आता दुसरं. दार लावून वाच.

घरातली कुजबुज खरी आहे. मुलाचं नाव गौरांग. घोटीचा. त्याच्या घरची भाताची गिरणी आहे, आणि तो इथे चहाच्या कारखान्यांमधली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मी एकदा रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत होते, राग अनावर झाल्यावर शेवटचं वाक्य मराठीत गेलं, तर मागच्या रिक्षातून एक माणूस हसला. तोच हा. आत्या, मला तो फार आवडतो. हे मी आईला सांगितलं, आईने बाबांना सांगितलं, बाबांनी घोटीला फोन केला, आणि आता ते लोक आपल्याकडे येणार आहेत. आम्हा दोघांना रजा नाही, म्हणून आम्ही व्हिडिओवर.

सगळं इतकं सरळ चाललं आहे की मला भीती वाटते. कारण त्याचे वडील जयरामराव असं धरून बसले आहेत की गौरांग पुढच्या वर्षी परत येऊन गिरणी सांभाळणार आणि सून म्हणून मीही घोटीत राहणार. बाबांनाही ते पसंत आहे, मुलगी तासाभराच्या अंतरावर येणार म्हणून. पण माझं इथलं काम अजून तीन-चार वर्षांचं आहे. चहाच्या मळ्यांची माती वर्षानुवर्षं औषधं मारून कशी झाली आहे आणि ती परत जिवंत कशी करता येईल, हे आम्ही शोधतो आहोत. मी मध्येच सोडलं तर सगळं वाया. गौरांगलाही इथेच राहायचं आहे, पण वडिलांसमोर त्याची जीभ उचलत नाही, आणि बाबांसमोर माझी. आम्ही दोघं शूर आहोत, फक्त बाप समोर नसताना.

हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तूही बोलू नकोस. मीच वेळ बघून सांगेन. वेळ कधी येणार ते मला ठाऊक नाही, पण होकार झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक, आणि आधी सांगितलं तर होकारच येणार नाही. त्या दिवशी तू मात्र माझ्यासमोर बस.

तुझ्या लोभावर माझं बरंच काही चालतं, तेव्हा तो आखडता घेऊ नये.

तुझी,
मृण्मयी

* * *

॥ श्री ॥

नाशिक
२ ऑगस्ट २०२५

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

जमलं! हे तुला माहीतच आहे, तूच तर होतीस समोर. पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही. आधी नुसता काळा पडदा, मग माझ्याच मोबाइलची सगळी चित्रं, आणि मग एकदम तू. जमिनीपासून वर बघावं तर हनुवटी, आणखी वर बघावं तर कपाळ. तुझ्या डाव्या भुवईतला तो जुना व्रण मला कितीतरी दिवसांनी दिसला. आणि तू म्हणालीस, आत्या, औषध घेतलंस का. मी वाचलं. तुझ्या ओठांवरून, जसंच्या तसं. मग तू म्हणालीस की इथे फार उकडतं, आणि मग कुठल्याशा बाईची कुरापत सांगितलीस, त्यातलं निम्मं सुटलं, पण ती बाई मला आवडत नाही एवढं पक्कं कळलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. नलिनीला वाटलं काहीतरी अशुभ. मी तिला म्हटलं, अगं मुलीशी बोलले. तर तीही रडायला लागली, उगाचच.

आता मी या घराची टीव्हीमंत्री आहे. वेणूच्या मोबाइलवर ते बटण सापडत नाही. खरं तर सापडतं, पण मी सांगत नाही.

सतराला रविवारी घोटीची मंडळी येणार. वेणूने मला ते चक्क तीन ओळींत सांगितलं, म्हणजे प्रकरण मोठं आहे. कॉल माझ्याच मोबाइलवरून लागणार. नलिनी पोह्यांची तालीम करते आहे. तिला पाहुणे आले की घाबरून मीठ जास्त पडतं, हे तिला कोणी सांगायचं?

तुझी गोष्ट माझ्यापाशी सुरक्षित आहे. एक्स्चेंजमध्ये बसून मी अर्ध्या जिल्ह्याची गुपितं ऐकली, एकही बाहेर पडलं नाही. मात्र मला एक पटत नाही. तू म्हणतेस वेळ बघून सांगेन. वेळ रविवारीच आहे. त्यानंतर ती शिळी होते. मी समोर बसलेली असेन. तुझ्या तोंडून निघेना असं दिसलं तर मी तुला हळूच मेसेज करेन. मी कुजबुजायला गेले तर चौकापर्यंत ऐकू जातं, तेव्हा लिहिणंच बरं. टीव्हीवर तुम्ही दोघं असाल, सगळ्यांचे डोळे तिकडे, आणि मी कोपऱ्यात बसून टाइप करते आहे हे कोण बघतंय? गौरांगच्या मोबाइलवर कॉल ठेवा, म्हणजे तुझा मोबाइल मोकळा राहील.

प्रकृतीस जप. लोभ किलोने पाठवते आहे, टपालवाल्यांनी त्यातला काढून घेतला नाही तर पुरेल.

तुझी,
आत्या

* * *

जोरहाट
९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

घाईत दोनच ओळी. बाबांना तू आज राखी बांधली असशील आणि त्यांनी नेहमीसारखं पाकीट देऊन दुसरीकडे बघितलं असेल.

मी रोज आरशासमोर वाक्य म्हणून बघते. बाबा, मला अजून तीन-चार वर्षं इथे राहायचं आहे. आरशाला काही अडचण दिसत नाही. गौरांगही त्याच्या खोलीवर हेच करतो. काल त्याने त्याच्या घरमालकाला चुकून बाबा म्हटलं. तू मेसेज कर, मला तेवढाच धीर. माझा मोबाइल टेबलाखाली धरलेला असेल. पण काही झालं तरी सगळ्यांसमोर तू बोलू नकोस, वचन दिलं आहेस. बाबांना बाहेरून कळलं तर फार लागेल.

रविवारपर्यंत लोभ दुप्पट करावा, नंतर नेहमीचा चालेल.

तुझी,
मृण्मयी

* * *

नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

विषय : रविवारचा कार्यक्रम

चि. मृण्मयीस,

बाबांचे अ. आ. वि. वि.

जिल्हा परिषदेत मी हजारो पत्रं लिहिली, पण तुला हे पहिलंच. वर विषय लिहायची सवय गेली नाही, तो तसाच ठेवतो. काल रात्री फोनवर मी तुला एवढंच सांगितलं की होकार आहे, तुमच्या अटीसकट आहे, आणि बाकी सविस्तर पत्राने. त्यावर तू जे ओरडलीस ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. तुझा कॉल मध्येच कसा तुटला आणि तुमची अट आम्हाला कशी कळली, हे तू सतरा वेळा विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता सांगतो.

जयरामराव आणि लताबाई वेळेवर आले. जयरामराव उंच, भरघोस मिशांचे, आवाज गिरणीत बोलायची सवय असलेला. लताबाई अबोल. टीव्हीवर तुम्ही दोघं शेजारी शेजारी, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे. पोहे झाले. जयरामरावांनी गिरणीत नवं यंत्र बसवायचं आहे ते सांगितलं, गौरांग पुढच्या वर्षी येईल ते सांगितलं, वरच्या मजल्यावर तुमच्यासाठी काढलेल्या खोल्यांचं सांगितलं. मी चांगलं चांगलं म्हणत होतो. तुम्ही दोघं गप्प होतात. मला वाटलं, संस्कार.

तेवढ्यात ताईने, म्हणजे तुझ्या आत्याने, स्टूलवरचा मोबाइल उचलून मांडीवर घेतला. तुम्हाला तिकडे आमच्या हॉलचा पंखा दिसायला लागला असेल. आणि आम्हाला टीव्हीवर काय दिसलं? तुम्ही दोघं आक्रसून कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकोनात गेलात, आणि उरलेल्या पडद्यावर तुझं नाव, खाली लिहायची रिकामी पट्टी.

तृप्तीने मला आज समजावलं. कीर्तन लावतात त्या रीतीत टीव्हीवर फक्त कीर्तन जातं, मोबाइल मोकळा. तुम्ही वापरलीत त्या रीतीत अख्खा मोबाइल जसाच्या तसा टीव्हीवर येतो. ताईला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं टीव्हीवर तुम्ही आहात, आणि आपण कोपऱ्यात बसून गुपचूप लिहितो आहोत.

अक्षरं एकेक करून उमटायला लागली. त्रेचाळीस इंचांवर.

पहिलं आलं, “मुलगा मला आवडला. मान वर करून बघतो.” लताबाई खुलल्या. मग, “सासूबाई चांगल्या आहेत. पोहे खारट होते तरी संपवले.” तुझी आई लाल झाली. मग, “सासऱ्यांचे ओठ मिशीत बुडालेत, मला काही वाचता येत नाही. घोटीचंच चाललंय ना? तू तोंड उघड की गं.”

मी ताईला हाक मारली. तिला ऐकू कुठे येतंय. तुझी आई हातवारे करत होती, पण ताई मान खाली घालून एका बोटाने लिहीत होती. मी तिच्या खांद्याला हात लावायला उठलो, तर लताबाईंनी मला हातानेच बसायला सांगितलं. त्यांना पुढचं वाचायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

तुझं उत्तर धाडकन वर आलं. पुढच्या वर्षी परत या म्हणतायत, गौरांगची हिंमत होत नाही, माझीही नाही. ताईने लिहिलं, “तुम्हाला तिथे राहायचंय हे यांना आज नाही सांगितलंस तर कधी? मी तर वचनात अडकले.” तू लिहिलंस की बाबांना धक्का बसेल. त्यावर ताईने लिहिलं, “वेणू चांगला आहे पण”. मग पण पुसलं. परत लिहिलं. आम्ही सगळे त्या पणकडे बघत होतो. जयरामरावही पुढे वाकले होते. मग पूर्ण वाक्य आलं.

“वेणू चांगला आहे पण समोरचा बोलून संपायच्या आत उत्तर देतो. बहिरी मी आहे, ऐकत नाही तो.”

मृण्मयी, सरकारी नोकरीत माझ्यावर ताशेरे आले आहेत. पण ते असे पाहुण्यांसमोर भिंतीवर कधी लागले नव्हते. मी तुझ्या आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली. म्हणजे तिचंही मत तेच.

त्यानंतर ताईने तू हसलीस का ते बघायला मान वर केली, आणि तिला टीव्हीवर स्वतःचं वाक्य दिसलं. तिने घाबरून कुठेतरी बोट मारलं आणि तुमचा कॉल तुटला. तुझ्या मेसेजांची पट्टी मात्र तशीच राहिली. ताई पांढरीफटक पडली. तिच्या तोंडून, तिच्या त्या मोठ्या आवाजात, एवढंच निघालं की मी पोरीचं वचन मोडलं. आम्ही काही बोललो असतो तरी तिला कळलं नसतं.

हे सर्वांत आधी लताबाईंच्या ध्यानात आलं. त्या उठून ताईच्या शेजारी जाऊन बसल्या, तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्याच पट्टीत लिहायला लागल्या. बोलतात तसंच लिहिलं, “ताई, पोहे खारटच होते.” ताईने वाचलं. मग पुसून पुढचं. “तुम्ही काय बी चुकला नाय. पोरगं घरात कोणाला बोललं नाय. आम्हाला लय बरं वाटलं कळलं ते.” मग, “पोरीचं काम काय हाय नेमकं?”

मोबाइल ताईकडे गेला. तिने मातीचं सगळं लिहिलं. ते वाचताना मला कळलं की तू नेमकं काय करतेस. तू चहाच्या कंपनीत आहेस असं मी लोकांना इतके दिवस सांगत होतो. मग मोबाइल तुझ्या आईकडे, मग परत लताबाईंकडे. तोंडाने कोणी काही बोलेना. ज्याला बोलायचं तो हात पुढे करायचा, लिहायचा, सगळे टीव्हीवर वाचायचे, पुसायचं, पुढचा. पाठवायचं बटण कोणी दाबलंच नाही, म्हणून तुझ्यापर्यंत यातलं काही आलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी लिहिलं, “मला धक्का बसलेला नाही. मुलीने मला विचारावं एवढंच वाटतं.” मग शेवटचं वाक्य पुसून लिहिलं, “मुलीला काम पूर्ण करू द्यावं असं माझं मत आहे.” पुसलेलंही सगळ्यांनी वाचलं, हे त्या यंत्रणेचं वैशिष्ट्य आहे.

आता अडलं होतं ते फक्त जयरामरावांवर. गिरणी त्यांची, मुलगा एकुलता एक. ते इतका वेळ मिशीवर हात ठेवून नुसते वाचत होते. शेवटी त्यांनीही हात पुढे केला. त्यांनी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. ताईने मला बजावलं आहे की ते तिच्या वाटणीचं आहे.

यापुढे मला काही सांगायचं असेल तर सांगत जा. मी बोलणं संपेपर्यंत थांबेन. जमलं नाही तर लिहून सांग.

लोभ असतो, दाखवता येत नाही, एवढं समजून घ्यावे.

तुझे,
बाबा

* * *

॥ श्री ॥

नाशिक
१९ ऑगस्ट २०२५

चि. मृण्मयी आणि आता चि. गौरांगसुद्धा, दोघांना आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वेणूचं पत्र मी टपालात टाकायच्या आधी वाचलं. चांगलं लिहितो की! मात्र मी एका बोटाने लिहीत नव्हते, दोन अंगठ्यांनी लिहीत होते, तेवढी दुरुस्ती कर.

तुझं वचन मोडलं याची मला आधी फार लाज वाटली. मान वर केली आणि ते वाक्य भिंतीवर दिसलं तेव्हा वाटलं, पोरीचं घर बसायच्या आधी मी मोडलं. जयरामराव माझ्याकडेच बघत होते. मला त्यांचा राग कळेना, लोभ कळेना, मिशीपलीकडचं काहीच कळेना. मग लताबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या अंगाला नव्या साडीचा वास होता. त्या पुढे काय काय लिहीत गेल्या ते वेणूने सांगितलंच आहे. मधल्या वेळात त्यांनी मला असंही विचारलं की चहात साखर किती घालू. साखरेचं कोणी मला विचारत नाही गं. सगळे मला माहीत असल्यासारखं घालतात.

आता माझ्या वाटणीचं. जयरामरावांनी मोबाइल घेतला. त्यांची बोटं एवढी जाड की एका वेळी तीन अक्षरं दाबली जायची. लताबाई मदतीला गेल्या, तर त्यांनी कोपराने बाजूला केलं. आम्ही सगळे टीव्हीकडे डोळे लावून. नलिनीने माझा हात घट्ट धरला होता. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. किती वेळ गेला देव जाणे. एकदा नुसतं “गिरणी” एवढंच येऊन थांबलं. वाटलं, आता नाही म्हणणार. मग पुढची अक्षरं आली, एकेक, आणि सगळ्यांनी ती एकदमच वाचली.

“गिरणी मला अजून चालवता येती. पोरं काम संपवून येतील तवा येतील. सून मातीची डॉक्टर हाय तर आमच्या वावराची पण तपासून द्यावी. आणि ताई, तुम्हाला माझं बोलणं कळावं म्हणून मिशी काढू का?”

मृण्मयी, हॉलमध्ये काय हशा उसळला असेल तो मला ऐकू आला नाही. पण मी तो बघितला. लताबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, नलिनीने माझा हात सोडून तोंड झाकलं होतं, तुझा बाप सोफ्याच्या हातावर थापा मारत होता, आणि जयरामराव मिशी धरून मोठ्या गंभीरपणे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मीही हसत होते. खूप हसत होते. हसता हसता माझ्या ध्यानात आलं की मला कोणी काही समजावून सांगितलेलं नाही.

कान गेल्यापासून मी या घरात पुष्कळ हसले आहे. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. कोणीतरी कानाशी येऊन, नाहीतर कागदावर लिहून, गंमत सांगायचं, आणि मी हसायचे, तेव्हा बाकीचे आपापल्या कामाला लागलेले असायचे. रविवारी मी सगळ्यांबरोबर हसले. त्याच क्षणी. कोणाच्याही मागे नाही.

तुझं लग्न ठरलं त्या बोलण्यातलं एकही अक्षर माझ्या हातून सुटलं नाही. उलट तुमचंच सुटलं. म्हणून हे पत्र.

दोघांचाही लोभ आता मला एकदम मिळणार, तो सावकाश मोजून घेईन.

तुमची,
आत्या